घरात सुई टोचली आणि मनात एचआयव्हीची धास्ती बसली तर काय करायचं

औषधाच्या दुकानात काही प्रश्न काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नसतानाच विचारले जातात. त्यातला हा एक: "काका, बाबांची इन्सुलिनची सुई मला टोचली. काही होणार तर नाही ना?" हे 'काही' म्हणजे एचआयव्ही. तोंडून नाव निघत नाही, पण आदली रात्र मोबाइलवर काय शोधण्यात गेली ते डोळ्यांवरून कळतं. इंदूरच्या रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत इन्सुलिनचं पेन आता तुपाच्या बरणीइतकंच नेहमीचं झालंय. पेन येतं, पेनाबरोबर सुया येतात, आणि त्या सुया टोचल्या तर काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरात हे सामान नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधीच एक सांगून टाकतो. घरातल्या सुईबद्दल महत्त्वाचा प्रश्न एकच, तो म्हणजे सुई कोणाची. "किती खोल गेली", "रक्त किती आलं", "मला आता ताप का वाटतोय" हे सगळं त्यानंतरचं. रस्त्यावर पडलेल्या सुईचा मालक कळत नाही, घरातल्या सुईचा कळतो. तेवढ्यानं अर्धं काम सोपं होतं.

पहिली पाच मिनिटं

सुई हातातून खाली ठेवा, पण फेकू नका. कुठल्या प्रकारची आहे ते पुढं सांगावं लागेल. टोचलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून नीट धुवा. बस, एवढाच प्रथमोपचार.

आता न करायच्या गोष्टी, कारण घोटाळा इथंच होतो. बोट पिळून रक्त काढू नका. बोट तोंडात घालू नका. लहानपणापासून लागलेली सवय आहे, हात आपोआप तोंडाकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगतोय. डेटॉल, स्पिरिट, बीटाडीन, ब्लीच यातलं काही चोळू नका. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, हिच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: साबण आणि पाणी, बाकी काही नाही. जंतुनाशक चोळल्यानं जास्तीचा फायदा होतो असं दिसलेलं नाही, उलट कातडी सोलवटते. हळद दाबायचा आग्रह घरातली मोठी माणसं करतात; त्यांना "धुऊन झालंय" एवढं सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

पुढचं काम म्हणजे एक कागद घ्यायचा आणि लिहायचं. किती वाजता टोचली. सुई पेनची, सिरिंजची की ग्लुकोमीटरची. ती शेवटची कोणी वापरली, कधी वापरली. सुईवर रक्त दिसत होतं का. आपल्याला नुसता ओरखडा गेला की सुई आत शिरली. चार ओळी पुरतात. डॉक्टर हेच विचारतात. शिवाय तीन दिवसांनी मन जेव्हा "सुईवर रक्त होतं बहुतेक" असं म्हणायला लागतं, तेव्हा त्याच वेळी लिहिलेली ओळ आठवणीपेक्षा जास्त भरवशाची असते.

सुई कोणाची?

सुई नवी असेल, सील तोडून लावताना टोचली असेल, तर विषय संपला. स्वतःचीच वापरलेली सुई स्वतःला टोचली असेल तरीही संपला, कारण आपल्या रक्तातून आपल्यालाच नवा आजार लागत नाही. कपडे शिवताना टोचलेली सुई, साडीची पिन, बाभळीचा काटा, खिळा यांचा एचआयव्हीशी संबंध लावू नका. तिथं विचार करायचा तो धनुर्वाताचा. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील, आणि जखम मातीची-घाणीची असेल तर पाच वर्षं, तर डॉक्टरांना विचारा.

राहिली ती घरातल्या दुसऱ्या माणसाची वापरलेली सुई. इथं लोक अवघडतात. सत्तरीतल्या सासऱ्यांना "तुमची एचआयव्हीची तपासणी झालीये का" असं कसं विचारणार? बहुतेक वेळा विचारावं लागतच नाही. कपाटातली दवाखान्याची फाइल काढा. मोतीबिंदू, हर्निया, अँजिओप्लास्टी, गुडघा, कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर त्याआधीच्या रक्ततपासणीत बहुधा तीन ओळी असतात: एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी (हे शेवटचे दोन रक्तातून पसरणारे यकृताचे आजार). गरोदरपणाच्या फायलीतही त्या असतात. गिऱ्हाइकानं अशी फाइल आणून काउंटरवर उघडली आणि आपण त्या ओळीवर बोट ठेवलं की समोरच्या माणसाच्या खांद्यांतला ताण उतरताना दिसतो. त्या रिपोर्टवरची तारीख तेवढी पाहा. फार जुना असेल तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतील.

फाइल नसेल तर सरळ बोला, पण आरोप वाटेल असं नको. "बाबा, तुमची सुई मला टोचली. अशा वेळी दोघांचंही रक्त तपासायची पद्धत आहे, चला जाऊन येऊ." हे खोटंही नाही, डॉक्टर खरोखर दोघांची तपासणी सुचवतात. मात्र तपासणी त्यांच्या संमतीनंच व्हायला हवी. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. "शुगरसाठी रक्त घेतोय" असं सांगून गुपचूप चाचणी करवून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आकडा समजून घ्या

वैद्यकीय पुस्तकांत एक आकडा सापडतो: एचआयव्हीबाधित माणसाच्या रक्तानं माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. नंतरच्या हिशोबांत ती याहूनही थोडी कमी भरली. हा आकडा दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांच्या अपघातांवरून आलाय. त्यांना टोचलेल्या बऱ्याच सुया काही क्षणांपूर्वी रुग्णाच्या शिरेतून निघालेल्या होत्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात धोका कशानं वाढतो ते पाहिलं गेलं: जखम खोल असणं, सुईवर डोळ्यांना रक्त दिसणं, सुई थेट रक्तवाहिनीतून आलेली असणं, आणि ज्याचं रक्त तो आजाराच्या शेवटच्या अवस्थेत असणं.

आता इन्सुलिन पेनची सुई हातात धरून पाहा. चार मिलिमीटर लांब, पाव मिलिमीटरहूनही बारीक. ती जाते पोटावरच्या चरबीत, शिरेत नव्हे. बाहेर येते तेव्हा टोकाला औषधाचा थेंब असतो, रक्त क्वचितच. म्हणजे ते हजारात तीन इथं लागूच पडत नाहीत, प्रत्यक्ष धोका त्याहून बराच खाली आहे. आणि हे सगळं तो माणूस बाधित असेल तरच.

घाबरलेल्या माणसाला मी कागदावर एक गुणाकार करून दाखवतो. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. मध्य प्रदेशात त्याहून कमी. समजा सुईचा मालक कोण हे अजिबात माहीत नाही, आणि समजा सुई दवाखान्यातल्यासारखी ताज्या रक्ताची आहे. हजारात दोन गुणिले हजारात तीन, उत्तर येतं दहा लाखांत सहा. ही सगळ्यात वाईट गृहीतकं धरून. एवढं लिहून दाखवलं तरी काहीजण म्हणतात, "पण त्या सहांत मी असलो तर?" त्या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही, त्याच्याकडे पुढं येतो.

विषाणूबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही; रक्त वाळलं की काही तासांतच त्याची लागण करण्याची ताकद ९० ते ९९ टक्क्यांनी उतरते असं प्रयोगशाळेत दिसलंय. मैदानावर किंवा कचऱ्यात पडलेल्या जुन्या सुया मुलांना टोचल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, पण त्यातून एचआयव्ही झाल्याची नोंद जवळपास नाहीच. सिनेमाच्या खुर्चीत एचआयव्हीची सुई लावून ठेवतात असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पुन्हा आला तर पुढं पाठवू नका, एवढंच.

मग सुईनं एचआयव्ही पसरतच नाही का? पसरतो. एकाच्या शिरेतून काढलेली सिरिंज मिनिटाभरात दुसऱ्याच्या शिरेत गेली की पसरतो. नशा करणाऱ्यांमध्ये म्हणूनच तो पसरला. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात अनेकांना लागण झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा संशय होता तो एकच सिरिंज सगळ्यांना वापरणाऱ्या बोगस डॉक्टरवर. तेव्हा कुठल्याही दवाखान्यात इंजेक्शन घेताना सुईचं पाकीट आपल्यासमोर फाडायला सांगा. घरी बाबांची सुई बोटाला टोचण्याच्या भीतीपेक्षा ही सवय जास्त कामाची आहे.

७२ तासांचं घड्याळ

सुई ज्याची आहे त्याला एचआयव्ही आहे हे माहीत असेल, किंवा कळायला मार्गच नसेल आणि सुईवर रक्त असेल, तर थांबू नका. टोचल्यानंतर घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत, त्यांना पीईपी म्हणतात. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, आणि ७२ तासांच्या आत व्हायलाच हवीत. त्यानंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. "उद्या सकाळी बघू" हे इथं चालत नाही.

इंदूरमध्ये सरळ महाराजा यशवंतराव हॉस्पिटल गाठा, आपलं एम. वाय. तिथं एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, आहे. रात्र असेल किंवा सुट्टी असेल तर कॅज्युअल्टीत जा. तिथल्या गर्दीत लाजून "थोडं बोटाला लागलंय" असं म्हणालात तर बसवून ठेवतील. "सुई टोचलीये, इतक्या वाजता, पीईपी लागेल का ते बघायचंय," असं म्हणा आणि तो कागद पुढं करा. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. घरातल्या इन्सुलिनच्या सुईसाठी ते बहुतेक वेळा "गरज नाही" म्हणतील. त्यांनी पाहून तसं म्हटलं तर ते मान्य करा. पैसे देऊन दुसरीकडून औषध मिळवायच्या मागं लागू नका. माझ्यासारखा दुकानदारही ते चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही.

औषध सुरू झालं तर सध्याच्या पद्धतीत रोज एक गोळी, २८ दिवस. एकाच गोळीत टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. दुकानदार म्हणून दोन गोष्टी सांगतो, त्या घाईत राहून जातात. तुम्ही स्वतःही मधुमेहाचे असाल आणि मेटफॉर्मिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. आणि कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा अँटासिड चालू असतील तर त्या आणि ही गोळी एकदम घेऊ नका, नाहीतर गोळीचा परिणाम कमी होतो. मध्ये किती तास ठेवायचे ते विचारून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, अंगावर दूध पिणारं बाळ हेही सांगायचं. मध्येच दोन दिवस "आता बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बरं वाटण्या-न वाटण्याशी या गोळीचा काही संबंधच नाही.

घरात कोणी एचआयव्हीसह जगत असेल तर त्या घरासाठी वेगळी ओळ. ते माणूस औषधं नियमित घेत असेल आणि विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडण्याइतकंही उरलं नसेल, तर त्यांच्या रक्तातून होणारा धोका खूप कमी झालेला असतो. तरी सुई टोचली तर एआरटी केंद्रात विचारायचंच. ताटवाटी, बाथरूम, मिठी, स्वयंपाक यांच्यापर्यंत मात्र ही भीती नेऊ नका. यांतून हा आजार लागत नाही.

खरी काळजी हेपटायटिस बीची

इथं मी थोडा चिडून लिहितोय. सुई टोचली म्हणून एचआयव्हीच्या चार चाचण्या करून आलेल्या माणसाला विचारावं, "हेपटायटिस बीची लस घेतलीये?" तर तो बघतच राहतो. वास्तविक त्याच सुईतून होणाऱ्या आजारांमध्ये जास्त चिवट आणि जास्त सहज लागणारा हाच. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, बाहेर, किमान सात दिवस जिवंत राहतो. लस न घेतलेल्याला बाधित माणसाची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता ६ ते ३० टक्के. एचआयव्हीच्या ०.३ टक्क्यांशेजारी हा आकडा मांडून बघा.

आणि हा टाळता येतो. लसीचे तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचायला २०११ उजाडलं, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांनी ती घेतलेली नसणार. सुई टोचली असेल आणि लस झालेली नसेल तर शक्यतो २४ तासांच्या आत पहिला डोस घ्या. सुईचा मालक हेपटायटिस बीचा रुग्ण असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही लागतं. तेही लवकरात लवकर, फार तर सात दिवसांत. आधी कधीतरी लस घेतली असेल तर रक्तात प्रतिपिंडं पुरेशी आहेत का हे तपासता येतं. अपघाताची वाट न बघता, घरात इन्सुलिन आलं त्याच महिन्यात सगळ्यांनी लस घेतलेली बरी.

हेपटायटिस सीला लस नाही. पण गोळ्यांनी, साधारण बारा आठवड्यांत, तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते उपचार मोफत आहेत.

दिवाळीतला ग्लुकोमीटर

हे दृश्य ओळखीचं असेल. लक्ष्मीपूजन झालंय, ताटात चिरोटे-अनारसे आहेत, आणि कोणीतरी म्हणतं, "आबांचं मशीन आण रे, सगळ्यांची शुगर बघू." मग एकाच पेनसारख्या टोचणीनं आबा, काका, आत्या, जावई असं रांगेनं प्रत्येकाचं बोट टोचलं जातं. फार तर मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवतात. इथं मात्र मी म्हणतो, "घाबरा." लॅन्सेट ही थेट रक्त काढण्यासाठीच बनवलेली सुई आहे. लॅन्सेट बदलली तरी टोचणीच्या तोंडाशी रक्ताचा अंश राहतो, आणि अशा सामायिक टोचण्यांतून हेपटायटिस बी पसरल्याचे प्रकार वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी नोंदले गेलेत. मशीन एक असेल तर चालेल, पुसून घ्या. टोचणी आणि लॅन्सेट ज्याची त्याची. पाहुण्यांची शुगर बघायचीच हौस असेल तर एकदा वापरून टाकायच्या सुट्या लॅन्सेट मिळतात.

इन्सुलिनच्या पेनाचंही तेच. सुई नवी लावून नवरा-बायकोनं एक पेन वापरायचं, असं कोणी करत असेल तर थांबवा. टोचताना सूक्ष्म प्रमाणात रक्त मागं कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या औषधाच्या नळीत, येऊ शकतं.

चाचणी कधी

एक चाचणी लगेच, टोचल्याच्या एक-दोन दिवसांत. तिच्यावरून सुईमुळे काही झालं का ते कळत नाही. अपघाताच्या आधी तुमची स्थिती काय होती तेवढं कळतं. मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. पीईपी घेतली असेल किंवा डॉक्टरांना वाटलं तर सहा महिन्यांनीही सांगतात. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी बहुतेकांची लागण १८ ते ४५ दिवसांत पकडते. तेव्हा टोचल्यावर पाचव्या, आठव्या, बाराव्या दिवशी वेगवेगळ्या लॅबमध्ये जाणं म्हणजे पैसे आणि झोप दोन्हींचं नुकसान.

सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ही चाचणी मोफत होते आणि चाचणीआधी समुपदेशक बोलतात. घरबसल्या विचारायचं असेल तर नाकोची हेल्पलाइन १०९७, तीही मोफत.

लक्षणांवरून निदान करू नका. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसा, अंगावर पुरळ असं होतं, हे खरं. पण इंदूरच्या पावसाळ्यात हे निम्म्या मोहल्ल्याला होतं.

भीती जात नसेल तर

तीन महिन्यांची चाचणी निगेटिव्ह आली आणि तरी माणूस पुन्हा काउंटरवर उभा आहे, असं होतं. "लॅबवाल्यानं नमुना बदलला असेल तर?" "माझ्यात उशिरा दिसणार असेल तर?" जीभ आरशात दहादा बघितली जाते. वजन घटलेलं असतं, कारण जेवण जात नाही. जुलाब होतात, कारण भीतीनं पोट बिघडतं. मग ते वजन आणि ते जुलाब हाच पुरावा ठरतो.

या अवस्थेत चौथी चाचणी कामाची नाही. ती दोन दिवस शांती देते, तिसऱ्या दिवशी शंका परत. घरच्यांचं "काही नाही होत रे" हेही तसंच. म्हणून घरच्यांसाठी एक युक्ती. डॉक्टरांनी सांगितलेलं उत्तर त्या पहिल्याच कागदाच्या मागं लिहून ठेवा: कोणाची सुई, त्यांचा रिपोर्ट काय, आपल्या चाचणीची तारीख आणि निकाल. पुन्हा विचारलं की वाद घालू नका, समजूतही काढू नका. "कागदावर आहे" एवढंच, आणि विषय बदला. हे कठोर वाटतं, पण शंकेला दर वेळी नवं उत्तर दिलं की ती नवा प्रश्न घेऊन येते.

ज्याला भीती वाटतेय त्यानं मोबाइलवर शोधणं थांबवावं हे सांगणं सोपं, करणं अवघड. तेव्हा निदान वेळ बांधून घ्या: संध्याकाळी पंधरा मिनिटं, त्या कागदासमोर बसून काय काळजी करायची ती करा, दिवसा विचार आला की "संध्याकाळी". दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा घरातल्या सुया, टाचण्या, केस कापायचं दुकान, रक्ताचा डाग दिसला की रस्ता बदलणं असं पसरत चाललं, तर हा चिंतेचा किंवा ओसीडीचा (एकच शंका मनात पुन्हा पुन्हा येत राहण्याचा) आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बोलून करायचे उपचार असतात, गोळ्याही असतात. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. इंदूरमध्ये बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, एम. वाय.लाही मानसोपचार विभाग आहे. "बाणगंगा" म्हटलं की आपल्याकडे अजून लोक हसतात. हसू द्या. आणि मरण्याचे विचार येत असतील तर आठवडे मोजत बसू नका, त्याच क्षणी फोन लावा किंवा कोणाला तरी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

या भीतीचं वयही पाहायला हवं. भारतात एचआयव्हीची पहिली निदानं १९८६ साली चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूनं केली. बाई माहेरच्या गायतोंडे. त्या वेळी यावर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. आपल्या मनात बसलेली धडकी त्याच काळातली आहे. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली, आणि वेळेवर औषध घेणारं माणूस आज नोकरी करतं, लग्न करतं, नातवंडं बघतं. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी पुढं रस्ता आहे, हे समजलेल्या माणसाला निगेटिव्ह चाचणीवर विश्वास ठेवणंही सोपं जातं, असं मला दिसलंय.

सुया ठेवायच्या आणि टाकायच्या कशा

घरात सुया टोचतात त्या बहुधा झाकण परत लावताना. एका हातात सुई, दुसऱ्या हातात ते इवलंसं आतलं झाकण, आणि चष्मा टीव्हीजवळ राहिलेला. आतलं झाकण परत लावायचंच नाही. बाहेरचं मोठं झाकण टेबलावर उभं ठेवा, पेन एका हातानं त्यात उतरवा, फिरवून सुई काढा. सिरिंज असेल तर झाकण न लावता सरळ डब्यात.

डबा म्हणजे फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी, जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली. पाण्याची बाटली नको, पातळ असते, सुई आरपार येते. बाटलीवर मार्करनं हिंदीत लिहा, "सावधान, सुई", कारण ती ज्याच्या हातात जाणार तो मराठी वाचेलच असं नाही. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट करून वरून चिकटपट्टी.

२०१६च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. इंदूरच्या कचरागाडीला ओला, सुका यांच्याबरोबर घातक कचऱ्याचाही वेगळा कप्पा असतो. २०१७पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या शहरात हे सगळ्यांना पाठ असायला हवं, पण सुया अजून सुक्या कचऱ्यातच जातात. तो सुका कचरा पुढं देवगुराडियाच्या कचरा केंद्रात माणसं हातानं वेगळा करतात. आणि घरातला केर बांधणाऱ्या बाईंचा हात तर त्याआधीच त्या पिशवीत जातो. त्यांना सुई टोचली तर साबण-पाणी, कागद, लस, एम. वाय. हे सगळं त्यांच्यासाठीही तसंच लागू, आणि रिक्षाचं भाडं आपण द्यायचं. गाडी आली की बाटली गाडीत टाकून मोकळं होऊ नका. हेल्परच्या हातात द्या आणि तोंडानं सांगा, "भैया, इसमें सुई है, अलग वाले में डालना."